सादळलेलं डाळिंब

ये गं, अशी जवळ सरक. तू तिथं पुण्यात, मी इथं सोलापुरात, तरी सरक म्हटलं की सरकायचं. आणि मी बोलत असताना मधेमधे 'हां आई, हां आई' करू नकोस. तुझं ते 'हां' भांडी घासताना निघतं, मला इथं नळाचा आवाज येतो की.

परवा फोनवर काय म्हणालीस? "आई, पुठ्ठ्यावरनं कुणी पोटच्या पोराशी बोलणं टाकतं का?" पुठ्ठा! त्या पुठ्ठ्यावर तू रांगलीस, त्याच्या कातरणात तुझी बाहुली झोपायची, आणि आता तो नुसता पुठ्ठा झाला. तुझ्या भावानं तुला आधी फोन केला असणार, नाहीतर हा शब्द तुझ्या तोंडात यायचा नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. हे समोरच बसले होते, दाराशी खुर्चीत, हात मांडीवर उपडे ठेवून. तुझ्या अण्णांना दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणून लिहिते. लिहिलेलं त्यांना ऐकू जात नाही.

माझं लिहिणं तुला माहीत आहे. शाळा मी बघितली ती बाहेरूनच. कामाखाली अंथरायला रद्दीचे कागद यायचे, त्यांच्यावरची मोठी अक्षरं बघत बघत वाचायला शिकले, आणि लिहायला तुझ्या पाटीवर. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नकोस. तुला ठाऊक असलेलंही सांगणार आहे, कारण तुझी लेक मोठी होईल तेव्हा ह्यातलं काही उरलेलं नसेल. तिला विचारायला कुणीतरी लागेल, आणि तू म्हणशील, पुठ्ठा होता गं कसलातरी.

आपल्या घरातला धंदा पंचिंगचा. चादरीवर नक्षी उठते ती मागाला कोण सांगतं? कार्डं सांगतात. लांबट पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि त्यांना भोकं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेलं असतं, त्याच्यात सुयांची रांग. एकेक कार्ड येऊन सुयांच्या तोंडावर आपटतं. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो. एका कार्डाचा एक आडवा धागा झाला, की पुढचं कार्ड. एका नक्षीला अशा कार्डांची एवढी मोठी माळ लागते की पसरली तर आपल्या बोळातनं रस्त्यापर्यंत जाईल. भोकं पाडायची ह्यांनी. कार्डं दोरीनं एकाला एक बांधून माळ करायची मी.

आणि चुकलेली भोकं बुजवायचीही मीच. कार्डावर एखादं भोक नको तिथं पडलं तर कार्ड टाकून द्यायचं नाही. पातळ कागदाची टिकली कापायची, मैद्याची खळ लावून बसवायची, दाबून वाळवायची, मग हवं तिथं नवीन भोक पाडायचं. हे त्याच्यावर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "तुज्या हातचं भोक माज्या बोटाला सापडत न्हाय बघ." त्यावर मी दिवसभर फुगून असायची. त्याच कौतुकानं आता माझा गळा धरलाय, ते पुढं येईल.

कागदाचं ह्यांना जेवढं कळायचं तेवढं माणसांचं कळालं असतं तर बरं झालं असतं. "कागद म्हणजे न विणलेलं कापड," म्हणायचे. पुठ्ठ्याची कड फाडून उजेडात धरली की लव दिसते बघ, ते तंतू. ताणा नाही, बाणा नाही, नुसते एकमेकांना धरून बसलेले. पण कारखान्यात पुठ्ठा ज्या दिशेनं पळतो त्या दिशेला पुष्कळसे तंतू आडवे होऊन झोपतात. त्याला हे 'कल' म्हणायचे. कलाच्या दिशेनं फाडलं तर सरळ फाटतं, उलट फाडलं तर वेडंवाकडं. तंतू हवेतलं पाणी पितात आणि पिऊन जाड होतात, लांब फारसे होत नाहीत. म्हणून कार्ड कापताना कल लांबीच्या बाजूनं ठेवायचा. उलटा ठेवला तर ओलाव्यात कार्ड लांबीला वाढतं, भोकं सुयांसमोरनं सरकतात, आणि नक्षीचं वाटोळं. नवीन पुठ्ठा आला की पट्टी फाडून कल बघितल्याशिवाय आमच्या घरात कात्री लागायची नाही.

दुसरी गोष्ट सादळण्याची. तुला मी दरवेळी कडक भाकऱ्या बांधून देते ना? चांगली भाकरी कडकन मोडते. डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि हवा लागली की सादळते, मग ती मोडत नाही, नुसती वाकते, चामट होते. कार्डाचं तेच. कोरड्या कार्डाला टिचकी मारली की 'टक्' बोलतं. सादळलं की 'थप्'. सादळलेलं कार्ड सुईला मागं ढकलू शकत नाही, उलट सुईच त्याला खाते. माळेचं वजन ओढेल तेवढं ते ताणतं आणि गोल भोकं अंड्यासारखी होतात. अगदीच सुकवलं तरी पंचाईत, बांधायच्या भोकापाशी तडकतं. वैशाखात दाराला ओलं पोतं लावून मी माळ बांधायची ती त्यासाठीच. पाण्यापासनंही जपायचं आणि उन्हापासनंही. तुम्हां दोघांना एवढं जपलं नाही.

आता नीट ऐक, सगळं ह्याच्यावर आहे. सादळलेली भाकरी तव्यावर टाकली की परत कडक होते. कार्डही वाळलं की परत कडक होतं, टिचकीला परत 'टक्' बोलतं. पण ओलं असताना जे ताणलं गेलं ते ताणलेलंच राहतं. आवाज परत येतो. माप परत येत नाही.

ह्या सगळ्यात तू कुठं होतीस, आठवतं? हे नवी नक्षी ग्राफवर रंगवायचे आणि मागाच्या कारखान्याच्या मालकाकडं न्यायच्या आधी घरात दाखवायचे. एकदा कसलंतरी मोठं फूल काढलं होतं. मी म्हणाले, छान आहे. तुझा भाऊ म्हणाला, "लई भारी, अण्णा." शेजारची तेलुगू अक्का दारात उभी होती, तीपण मान हलवून "चांगलाय की" म्हणाली. तू परकराचा ओचा सावरत पुढं आलीस, एवढीशी, नाक वर केलंस आणि म्हणालीस, "अण्णा, हे फूल न्हाय. वांगं दिसतंय."

"वांगं?"

"व्हय. देठासकट."

अक्का तोंडाला पदर लावून पळाली. मला वाटलं आता तुला मार बसतो. ह्यांनी ग्राफ लांब धरला, जवळ धरला, आणि हसत सुटले. "वांगंच की रं हे! भरून करायचं का?" म्हणाले, आणि फाडून टाकला. मग मला म्हणाले, "ह्या पोरीच्या तोंडाला कल हाय. सरळ फाटतंय." त्या दिवसापासनं तुला दाखवल्याशिवाय एकही नक्षी घराबाहेर गेली नाही. भावाला दाखवायचं त्यांनी हळूहळू बंद केलं. तो सगळ्यालाच लई भारी म्हणायचा. आमचंच चुकलं असेल, आम्हाला तेव्हा ते प्रेम वाटायचं.

मग काचबिंदू आला. तुझं लग्न झालं होतं तेव्हा. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली सांभाळा. ह्यांनी राहिलेली नजर डाळिंबावर घालवली. शेवटची नक्षी ती. डाळिंबाची फळं आणि फळाच्या डोक्यावर तो मुकुट असतो ना, दाते दाते असलेला, तो. मी ग्राफ वाचायची, "भरीव, भरीव, मोकळं, भरीव," आणि हे बोटानं जागा चाचपून भोक पाडायचे. मुकुटापाशी आले की तासन्तास तिथंच. मी म्हणायची, "अवो, मुकुट नसला तर डाळिंब डाळिंब दिसणार न्हाय का?" तर म्हणायचे, "मुकुटाशिवाय ते पेरू. दातं नीट आली तर म्हणीन माजी बोटं अजून हायेत. डोळं गेलं तर जाऊ दे."

माळ पुरी झाली आणि मालकानं संगणकावरचं जेकार्ड आणलं. त्याला कार्डं लागत नाहीत. "मामा, राहू द्या आता," म्हणाला, चहा पाजला आणि माळ परत दिली. ती माळ आम्ही पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. चारी कोपऱ्यांत फडक्यात बांधून कळीच्या चुन्याचे खडे ठेवले. तो चुना ओल ओढून घेतो, आणि ओढून ओढून त्याचं पीठ झालं की बदलायचा. नक्षीतल्या अवघड जागेच्या कार्डाचं हे नेहमी एक जुळं पाडायचे, ताळ्यासाठी. मुकुटाचं जुळं मी देवघरातल्या खिळ्याला टांगलं, ते इतकी वर्षं तिथंच होतं.

म्हणजे बघ, डाळिंब नीट उतरलंय का हे त्यांना कधी कळलंच नाही. शेवटच्या कामात हात खरा होता की खोटा, हे पोटात ठेवूनच त्यांची नजर पुरती गेली. कुणापाशी बोलले नाहीत. पण ट्रंक झाडताना मी दिसले नाही तरी त्यांना आवाजानं कळायचं, आणि विचारायचे, "चुना बघितलास का?"

ह्या उन्हाळ्यात मी तुझ्या बाळंतपणाला आले. त्याचं काही नाही, यायलाच हवं होतं, आणि तुझ्या लेकीचं नाक माझ्यावर गेलंय हे मी आल्याशिवाय कुणी सांगितलं असतं? पण मी तिकडं असताना इकडं दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की तुझ्या भावानं कूलर आणला. मोठा, टाकीचा. नातवाला घामोळं आलं होतं, पोर रात्रंदिवस किरकिर करायचं, कूलर आणला ते बरं केलं. त्याला काही म्हणत नाही. कूलर खिडकीला पुरेना म्हणून खाली ठेवायला उंच काहीतरी पाहिजे होतं. त्यानं ट्रंक ओढली आणि कूलर तिच्यावर चढवला.

दुसरी गोष्ट. मागच्या बोळात आपला तो मागवाला आहे, ह्यांना मामा म्हणतो तो. घरी तेलुगू, आपल्याशी मराठी. कार्डाचा जुना माग त्या सगळ्या गल्लीत त्याच्याकडं एकच उरला होता. तोही त्यानं भंगारात विकला. पण विकताना आठवण ठेवून ह्यांच्याकडं आला. "मामा, माग चाललाय. भंगारवाला आठवड्यानं येतोय. तुमचं डाळिंब एकदा लावायचं का?"

हे मला ह्यांनीच फोनवर सांगितलं. तू शेजारी झोपली होतीस. आवाज असा होता की मला लग्नातले हे आठवले. "ऐकलं का, डाळिंब लागतंय मागावर!" मी पहिलं काय विचारलं असेल? "चुना बघितला का?" तर म्हणाले, "पोरानं ट्रंक उघडली. कोरडी हाय म्हणला. तो बघतोय सगळं, तू पोरीकडं बघ."

मी पोरीकडं बघितलं.

पुढचं मला मागवाल्याच्या बायकोनं सांगितलं. तुझा भाऊ माळ गाडीवरनं घेऊन गेला. मागवाल्यानं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, "मेत्तगा झालंय हे." म्हणजे मऊ. "वास बी येतोय. दोन दिस पत्र्यावर उन्हात टाकतो, मग लावतो."

तुझा भाऊ म्हणाला, "मला आजचीच सुट्टी हाय. लाव तू."

"सुई खाईल, दादा."

"एक चादर तर काढायची हाय. म्हाताऱ्याच्या हातात दिली की झालं. लाव."

सोलापुरात, वैशाखात, उन्हाची काय टंचाई होती का गं? भंगारवाला यायला चार दिवस होते. पत्र्यावर टाकली असती तर दुपारपर्यंत टक् टक् बोलली असती. ताणायच्या आधी वाळली असती तर माप जागेवर राहिलं असतं. पण त्याला माप नको होतं, त्याला सुट्टीत काम उरकायचं होतं. आणि 'म्हाताऱ्याच्या हातात दिली की झालं,' हे त्यानं आपल्या बापाबद्दल परक्या माणसापुढं म्हटलं.

मी तुझ्याकडनं परत आले. रिक्षातनं उतरले तर हे दाराशी खुर्चीत, मांडीवर चादर. नवी चादर, तांबडी आणि पांढरी. बोट एकाच जागी पुढं मागं, पुढं मागं. बाळ कसं आहे विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "बघ."

मी बघितलं. फळं चांगली उतरली होती, गोल. पण मुकुट नव्हता कशालाच. दाते होते तिथं नुसता चिखल, धागे एकमेकांत गेलेले. तुझं ते वांग्याचं देठ ह्याच्यापेक्षा बरं होतं.

"दातं न्हाईत," म्हणाले.

"अवो, कार्ड सादळलं असंल."

"आण एक."

माळ मागवाल्याकडनं परत आली होती, चार दिवस त्याच्या पत्र्याखाली पडून, खडखडीत वाळलेली. मी एक कार्ड सोडून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी कानाशी धरलं आणि टिचकी मारली. टक्.

"कोरडं हाय," म्हणाले. "पोरगा बी म्हणतोय ट्रंक कोरडी हुती." मग कार्ड माझ्या हातात दिलं, अगदी सावकाश, पाहुण्याला पानसुपारी द्यावी तसं. "कार्ड न्हाय सादळलं. मी सादळलो. तवाच सादळलो हुतो. कल बी चुकला असंल, भोकं बी. तू शेजारी बसून ग्राफ वाचत हुतीस, तुला दिसत हुतं. बोलली न्हाईस."

मी तशीच आत गेले. हात धुतले नाहीत, पाणी प्यायले नाही. ट्रंक उघडली. वास आला, ओल्या रद्दीचा. फडकी सोडली तर चुन्याच्या खड्यांचं पीठ. जाताना मी ताजे खडे ठेवून गेले होते. आणि ट्रंकेच्या झाकणावर गंजाचे चार गोल. ट्रंकेवरनं उतरवून ठेवलेला कूलर मी ओढत आणला. सून म्हणत होती, "आई, तुमी कशाला, मी उचलते," आणि तिनंच तो उचलून ट्रंकेवर ठेवला. कूलरचे पाय त्या गोलांवर बरोबर बसले.

तुझा भाऊ संध्याकाळी आला. मी त्याला चहा दिला, चहा पिऊ दिला, मग विचारलं, "ट्रंकेवर काय ठिवलं हुतंस?"

"काय न्हाय."

"झाकणावर गोल हायेत."

"मग? कूलर हुता. पोराच्या अंगाला पुरळ उठलं हुतं, आई."

"कूलरचं न्हाय म्हणत मी. अण्णांना सांग. ट्रंक वली हुती, कार्डं मऊ हुती, मी तशीच लावली. एवढंच सांग."

"आता सांगून काय हुणार हाय? माग गेला भंगारात. चादर काय परत विणून येणार हाय का?"

"चादर न्हाय रं. त्यांची बोटं परत येतील."

"आणि मला जन्मभर ऐकावं लागंल."

"ऐक की मग."

तो हसला. मोबाईल काढला, बघितला, परत खिशात ठेवला. आणि म्हणाला, "आई, वय झालंय त्यांचं. डोळं गेलं हुतं तवा. खरंच चुकलं बी असंल की."

ह्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही. पुठ्ठ्यावरनं म्हणालीस ना तू? हे ते.

पण मी गप्प बसले नाही. ह्यांना जाऊन सांगितलं, कूलर होता ट्रंकेवर, चुन्याचं पीठ झालंय, हात लावून बघा. मग ह्यांनी तुझ्या भावाला हाक मारली. तो येऊन उभा राहिला.

"व्हय रं, ट्रंकेवर कूलर हुता?"

"न्हाय अण्णा. कूलर खिडकीत हुता."

सून दाराआड उभी. तिच्याकडं मी बघितलं, तिनं जमिनीकडं बघितलं. तिचं मला वाईट वाटत नाही, तिला त्याच घरात राहायचंय. पण हा! तोंडावर, दोन हातांवरनं, ज्याला दिसत नाही त्याला सांगतो, खिडकीत होता. ह्यांनी मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्याला खोटं बोलून काय मिळणार हाय? खोटं तू बोलतीयास. मला बरं वाटावं म्हणून."

मागवाला बिचारा स्वतःहून आला. "मामा, देवाशपथ, कार्ड मऊ हुतं." ह्यांनी त्याला बसवलं, त्यानं माग विकल्याची चौकशी केली, आणि म्हणाले, "तू मला मामा म्हणतोस. तू काय माज्या तोंडावर वाईट बोलणार हाईस?" तो माझ्याकडं बघत उठला.

मग मी शेवटचं केलं. देवघरातलं जुळं काढलं. ते वर्षानुवर्षं खिळ्याला होतं, दिव्याच्या उबेत, त्याला ना कूलर लागला ना माळेचं वजन. माळेतलं त्याच जागेचं कार्ड सोडलं. दोन्ही उजेडात एकावर एक धरली. जुळ्याची भोकं गोल, कड अशी की नख अडकावं. माळेतल्याची लांबट, कडेला लव सुटलेली, आणि एका टोकाला धरून जुळवलं तर दुसऱ्या टोकाला भोकावर भोक बसतच नाही. एका हातानं पाडलेली दोन कार्डं, एका बैठकीत. हीच तर साक्ष! ह्यांच्या एका हातात हे दिलं, एका हातात ते. "बघा. हे तुमचं खरं. हे ओलं ताणलेलं."

ह्यांनी जुळ्यावर बोट फिरवलं. एकदा, दोनदा. तोंडावर काहीतरी हललं. मला वाटलं, झालं, कळलं ह्यांना. आणि मग हसले, कडू.

"लई झाक जमलंय. कधी बुजवलीस भोकं? काल का आज?"

"अवो, हे खिळ्याला हुतं..."

"तुज्या हातचं भोक माज्या बोटाला सापडत न्हाय, हे मीच तुला सांगितलेलं हाय."

जन्मभर त्यांच्या चुका मी बुजवल्या, इतक्या सफाईनं की आता त्यांचं खरं कामही त्यांना माझीच दुरुस्ती वाटतंय. तुझ्या भावाला एक वाक्य जड झालं, आणि मला माझाच हात.

त्या दिवसापासनं ह्यांनी कागदाला हात लावलेला नाही. पूर्वी रद्दीवाल्याचा कागद आला तरी कोपरा फाडून कल बघायचे, डोळे गेल्यावरसुद्धा. आता वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं तर बाजूला करतात. गेल्या आठवड्यात सुनेला म्हणाले, "ती चादर घे आणि पायपुसणं कर." तिनं आणून माझ्याकडं दिली. मी घडी घालून माझ्या उशाखाली ठेवलीय.

आता तुला सांगते कशासाठी एवढं लिहिलं. माझी आणि भावाची दिलजमाई करायला येऊ नकोस, ते तुझं काम नाही आणि ते होणारही नाही. येताना समजुतीचं काही बोलू नकोस, समजुतीचं ऐकून ऐकूनच ते असे झालेत. तू ये आणि चादर आधी तुझ्या डोळ्यांनी बघ. वांगं दिसलं तर वांगं म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. मग दोन्ही कार्डं तू धर. तुला भोक बुजवता येत नाही, मैद्याची खळ केलीस तर तिचं पिठलं होतं, हे त्यांना चांगलं माहीत आहे. उजेडात धरून तुला जे दिसेल ते मोठ्यानं सांग, जसं दिसेल तसं. आणि तुला वाटलं की नाही आई, अण्णांचाच हात चुकलाय, तर तेही त्यांच्या तोंडावर सांग. तुझ्याकडनं अण्णा ते घेतील. माझ्याकडनं खरंही घेत नाहीत.

जुळं मी खिळ्यावरनं काढून डब्यात ठेवलंय, ताज्या चुन्यासकट. पण आषाढ लागला की आपल्या कोरड्या गावातही हवा पाणी धरते, आणि डबा उघडझाप होतोच. ते मऊ पडलं, कडेला लव सुटली, की दोन्हींतला फरक दाखवायला मला दुसरं काही उरणार नाही. ह्यांचंही तसंच आहे. खुर्चीत बसलेले असतात ते रोज थोडे अधिक वाकलेले दिसतात.

बाळाला घेऊन ये, इथं कूलर आहे, घामोळं यायचं नाही. भावाला कळवू नकोस, सरळ दारात येऊन उभी राहा आणि त्यांना 'अण्णा' अशी हाक मार. काल बसून कडक भाकऱ्या केल्यात, शेंगाचटणी कुटलीय, डब्याचं झाकण घट्ट लावलंय. सादळायच्या आत ये गं.